'आयएनजी' दिसलं की चालू काळ?

"सर, आकडा 2011चा आहे. मग 'रीचिंग' कसं चालेल? ते तर चालू काळात ना?"

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो, आणि विचारणारा बहुधा वर्गातला हुशार मुलगा असतो. शाळेत त्याने घोकलंय: 'आयएनजी' म्हणजे 'त आहे'. ते डोक्यातून काढायला माझा अर्धा तास जातो!

जनगणनेचे आकडे घ्या. भारताची लोकसंख्या 1951 साली सुमारे 36 कोटी होती, 2011 साली 121 कोटी. आलेखाखाली सरळ लिहावं: 'द पॉप्युलेशन रोझ स्टेडिली, रीचिंग 1.21 बिलियन इन 2011.' इथे काळ दाखवतं ते 'रोझ'. 'रीचिंग'ला स्वतःचा काळच नाही. मुख्य क्रियापदाचा जो काळ, तोच त्याचा. 'रोझ'च्या जागी 'विल राइज' घाला आणि साल 2050 करा, 'रीचिंग' जागचं हलत नाही. व्याकरणात त्याला 'प्रेझेंट पार्टिसिपल' म्हणतात. या नावानेच निम्मा घोटाळा केलाय.

घाबरलेला विद्यार्थी मग 'रोझ स्टेडिली, रीच्ड' लिहितो, म्हणजे दोन क्रियापदांमध्ये नुसता स्वल्पविराम. किंवा 'वॉज रीचिंग' लिहितो. त्याचा अर्थ लोकसंख्या अजून वाटेतच आहे, पोचायची आहे!

खरं तर मराठीत आपण हेच रोज करतो. 'लोकसंख्या वाढून 121 कोटींवर पोचली' यातल्या 'वाढून'चा काळ कोणता, हे कुणी विचारतं का? फरक जागेचा आहे. मराठीत काळाचं ओझं शेवटच्या 'पोचली'वर असतं. वरच्या इंग्रजी वाक्यात ते पहिल्याच 'रोझ'वर आहे आणि पोचणं मागून जोडलंय. मराठीसारखा क्रम हवा असेल तर 'रायझिंग स्टेडिली, द पॉप्युलेशन रीच्ड...' हेही बरोबर आहे.

'फॉलोड बाय'चंही तसंच. 2011 साली लोकसंख्येत उत्तर प्रदेश पहिला, 'फॉलोड बाय महाराष्ट्र'. त्या 'ईडी'त भूतकाळ नाही, 'पाठोपाठ' एवढाच अर्थ आहे. मात्र 'फॉलोइंग बाय' असं काही नसतं.

जितकी पार्टिसिपल्स, तितका वरचा बँड, म्हणजे परीक्षेतली श्रेणी? नाही. व्याकरणाच्या निकषाच्या नावातच वैविध्याबरोबर अचूकताही आहे, आणि लेखनाच्या पहिल्या टास्कच्या, म्हणजे आलेखाच्या वर्णनाच्या, गुणांत त्या निकषाचा वाटा चौथाई.

'लुकिंग ॲट द चार्ट, द पॉप्युलेशन रोझ' हे मात्र खोडाच. क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या 1985च्या जाडजूड इंग्रजी व्याकरणात अशा लोंबकळत्या रचनेची चर्चा आहे: सुट्या पार्टिसिपलचा कर्ता एरवी मुख्य वाक्याचाच कर्ता समजला जातो. म्हणजे इथे आलेखाकडे डोळे लावून बसलीय ती लोकसंख्या.