आमचा सोंगाड्या कोणाच्या बाजूचा?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. रात्रीचे नऊ वाजले तरी भिंतीला हात लावता येत नव्हता, त्यात लाइन गेलेली. आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून बसलो होतो. पुण्याला शिकणारी माझी मुलगी सुट्टीत घरी आली होती. ती मोबाइलवर काहीतरी पाहून एकटीच हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, तेव्हा आबाजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारले, "काऊन हासून राह्यली वं? आमाले बी दाखव."

तिने दाखवले. एका ऑफिसातला शिपाई आणि त्याचा साहेब. साहेबाचे साधे बोलणे शिपायाला समजत नाही, म्हणून तो दर वेळी भलतेच काम करून ठेवतो. साहेब शुद्ध पुस्तकी मराठी बोलत होता आणि शिपाई वऱ्हाडी. आबाजींनी दोन मिनिटे पाहिले आणि मोबाइल परत दिला. "हा तं आपल्यासारखा बोलते," एवढेच ते म्हणाले.

मुलीचे हसू तिथेच थांबले. मग झोपायच्या वेळी तिने आईजवळ सांगितले. होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात तिच्या तोंडून "मी जेवून राह्यली" असे निघाले आणि मुलींनी ते वाक्य महिनाभर चालवले. तेव्हापासून घरचा फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलते. आणि आज त्याच बोलीवर ती स्वतः ठसका लागेपर्यंत हसली होती.

हे वाचून कोणी असे समजू नये की मुलांनी हसू नये, मोबाइल फोडून टाकावेत, असे मला म्हणायचे आहे. उलट आमच्या काही कार्यकर्त्यांनी तोंडे इतकी गंभीर करून ठेवली आहेत की मिरवणुकीतही ते शोकसभेला आल्यासारखे चालतात. आपली चळवळ अशी नव्हती. ती हसत हसत वाढलेली आहे, आणि तिचा सोंगाड्या फार हुशार होता.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. एक शेतकरी, त्याची गरोदर बायको, आणि ग्रहांची भीती घालून त्यांच्याकडून दक्षिणा-भोजन उकळणारा जोशी, अशी ती गोष्ट आहे. पण या नाटकात आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे विदूषक. जुन्या नाटकांतला विदूषक राजाचा खुशमस्कऱ्या असायचा, खादाड आणि भित्रा. जोतीरावांचा विदूषक मधेमधे येतो आणि प्रेक्षकाला जोशीबुवाची लबाडी उघडी करून दाखवतो. नाटकात सर्वांत शहाणा कोण, तर हसवणारा. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले आणि तिथे नाकारले गेले, यात नवल नाही.

पुढे सत्यशोधक जलसे आले आणि त्यानंतर आंबेडकरी जलसे. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाचे नाव आजही जुनी माणसे काढतात. तमाशाचा साचा तोच, ढोलकी तीच, सोंगाड्याही तोच. पण तमाशात सोंगाड्या बऱ्याचदा बाईची आणि गरिबाची टर उडवायचा, इथे तो अंधश्रद्धेची आणि सावकाराची उडवू लागला. दिवसभर राबून आलेला, अक्षर न वाचता येणारा माणूस दोन तासांचे भाषण ऐकायला बसेलच असे नाही. पण जलशात तो पोट धरून हसायचा आणि घरी जाताना डोक्यात एक प्रश्न घेऊन जायचा.

माझ्या लहानपणी जलसे संपलेले होते, कव्वालीचे मुकाबले होते. एका मंचावर दोन पार्ट्या समोरासमोर. सुरुवातीला बुद्धवंदना, मग भीमगीते. मध्यरात्र उलटली की खरी मजा. एका गायकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत त्याचे माप काढायचे. माझी आई एरवी हसताना तोंडाला पदर लावायची, मुकाबल्यात तो पदर कधी सुटायचा ते तिला कळतही नसे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेटी अकोल्याच्या धम्ममेळाव्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकाने लागली की आम्ही घ्यायचो. एका कॅसेटीसाठी माझ्या वडिलांनी चप्पल घेण्याचे लांबणीवर टाकले होते, हे आई अजून ऐकवते.

आणि वामनदादा कर्डक! टाटा-बिर्लांच्या दौलतीत आमचा वाटा कुठे आहे, असे विचारणारे त्यांचे गाणे ज्याने ऐकले नाही असे घर आपल्यात नसेल. ते ऐकताना पहिल्यांदा हसू येते. कारण दादांनी सवाल असा टाकला आहे की जणू एखादा भाऊ शेताच्या धुऱ्यावर उभा राहून थोरल्या भावाला वाटणीचा हिशेब मागतो आहे. कुठे टाटा आणि कुठे आपण! हसू ओसरले की माणूस विचारात पडतो की खरेच, कुठे आहे? अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तके जे सांगतात ते या गड्याने ढोलकीवर सांगितले आणि वरून हसवलेही.

हसवून शिकवण्याचा आपल्या वऱ्हाडातला सर्वांत मोठा माणूस मात्र अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. अंगात चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर फुटके गाडगे. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रवचन नव्हे, ती सवालजवाबाची बैठक असायची. बाबा अस्सल वऱ्हाडीत एक साधा प्रश्न टाकायचे. देवाला आंघोळ कोण घालते? धोतर कोण नेसवते? नैवेद्यावर कुत्रे आले तर त्याला कोण हाकलते? लोक उत्तरे द्यायचे, एकेका उत्तराला हशा पिकायचा, आणि शेवटच्या उत्तरापाशी पोचेपर्यंत लोकांच्या लक्षात यायचे की आपणच आपल्या तोंडाने देवळातल्या देवाचा पंचनामा केला आहे. बाबांनी काहीच म्हटलेले नसायचे, फक्त विचारलेले असायचे.

यातली खुबी आपण लक्षात घेतली पाहिजे. बाबा वऱ्हाडीत बोलत होते म्हणून कोणी हसत नव्हते. बोली तीच होती जिच्यामुळे आज माझी मुलगी गच्चीवर जाते. पण तिथे हसू बोलीवर नव्हते, बोलीत होते.

बाबांचे शेवटचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्र्याला झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले हे आपले नशीब. त्यात शिक्षणाचा विषय निघतो, बाबासाहेबांचे नाव येते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करणारे हेच गाडगेबाबा. त्या कीर्तनानंतर महिनाही झाला नाही आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पाठोपाठ २० डिसेंबरला गाडगेबाबाही गेले.

वऱ्हाडी बोलीला हा मान पुन्हा मिळवून देणारी माणसे आपल्याकडे झाली नाहीत असे नाही. 'मिर्झा एक्सप्रेस' या नावाने डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या हास्यकवितांनी वऱ्हाडातले किती पटांगण भरले याची मोजदाद नाही. नाव मिर्झा, बोली वऱ्हाडी, विषय कास्तकाराचा, निवडणुकीचा, सरकारी योजनेचा. त्यांच्या कवितेतला कास्तकार अडाणी दिसतो पण तो कोणाला फसत नाही, फसवणाऱ्याला ओळखून असतो. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे यांनी टीव्हीवर ही बोली साऱ्या महाराष्ट्राच्या घरात नेली. 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला आणि त्याचे पहिले पर्व २०२४ पर्यंत चालले. गणेशपुऱ्यांचा तो थंड, सावकाश बोलणारा माणूस मला फार आवडतो. समोरचा घाईघाईने चार वाक्ये बोलतो, हा एकाच वाक्यात त्याला खाली बसवतो. टीव्हीवरच्या अशा कार्यक्रमांत पुरुषांना लुगडी नेसवून, जाड्या-काळ्या माणसांवर हसवून वेळ भरून काढतात तो भाग मात्र मला नको वाटतो. आईला तोच आवडतो. असो.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, सांगायला लाज वाटते तरी सांगतो. मी जिथे नोकरी करतो तिथल्या मंडळींचा मोबाइलवर एक गट आहे. सकाळी शुभेच्छा आणि दुपारी विनोद. एक दिवस त्यात आरक्षणावरचा विनोद आला. आरक्षणातून डॉक्टर झालेला माणूस चुकीच्या बाजूचे ऑपरेशन करतो, असा काहीतरी. पाच मिनिटांत दहा-बारा जणांनी हसरे तोंड टाकले. मी बराच वेळ पाहत बसलो. काही न टाकावे तर 'याला झोंबले' असे म्हणतील. शेवटी मीही एक हसरे तोंड टाकले. त्या रात्री जेवण गेले नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा डॉक्टर आहे.

मोबाइलवरचे हसू असे फसवे असते. मुकाबल्यात कोण हसतो आहे आणि कोण नाही हे मंचावरच्याला दिसायचे. एखादा सवाल झोंबला तर माणूस उभा राहून जवाब मागू शकत होता. इथे बोट दाबले की तुम्ही हसलात.

मग आपल्यावर केलेला प्रत्येक विनोद बंद पाडावा का? हा प्रश्न २०१२ साली आपल्यापुढे उभा राहिला होता. अकरावीच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र होते. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले, आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे. त्या मे महिन्यात संसदेत गदारोळ झाला, सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. तेव्हा मी अकोल्यात निषेधाच्या घोषणा दिल्या होत्या. राग खरा होता आणि आजही मला तो चूक वाटत नाही. वर्गात पहिल्या पिढीची मुलगी बसलेली आहे आणि शेजारचे पोर चाबकाकडे बोट दाखवून हसते आहे, हे चित्र काढणाऱ्याच्या आणि पुस्तकात छापणाऱ्याच्या ध्यानात आले नाही. पण खुर्च्या-टेबले फोडून आपण काय मिळवले? ज्याच्या हाती लेखणी आहे त्याला लेखणीनेच उत्तर द्यायला बाबासाहेबांनी 'मूकनायक'पासून शिकवले होते. ते उत्तर पुढे उन्नमती श्याम सुंदर या संशोधकाने दिले. बाबासाहेबांवरची इंग्रजी वर्तमानपत्रांतली जुनी व्यंगचित्रे गोळा करून, त्यातली जात एकेक उलगडून दाखवणारे त्यांचे पुस्तक २०१९ साली निघाले.

मार्च २०२५ मध्ये हीच गोष्ट उलट बाजूने घडली. कुणाल कामरा या विनोदी कलाकाराने हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन केले. त्याचा व्हिडिओ निघताच मुंबईतल्या कार्यक्रमाच्या जागेची मोडतोड झाली आणि कामरांवर गुन्हा दाखल झाला. त्यांनी हातात संविधानाची प्रत घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. गाणे चांगले की वाईट हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण सिनेमाच्या चालीवर नवे शब्द बसवून मोठ्या माणसाला सवाल करणे हे आपल्याला नवे आहे काय? अर्धी भीमगीते त्याच चालींवर आहेत. कलम १९ ने दिलेले बोलण्याचे स्वातंत्र्य उद्या आपल्या शाहिरालाही लागणार आहे. ते आपल्याला पटणाऱ्या विनोदापुरतेच ठेवले तर आपल्या पाळीला ते शिल्लक राहायचे नाही.

मुलीला मी यातले काही सांगितले, सगळे नाही. सुट्टी संपायच्या आदल्या रात्री पुन्हा लाइन गेली. ती म्हणाली, "बाबा, ते गाडगेबाबांचं कीर्तन मोबाइलवर आहे म्हणता ना?" तिनेच शोधून काढले. आवाज जुना, खरखर फार, म्हणून मोबाइल स्टीलच्या गंजात ठेवला, म्हणजे तो जरा मोठा येतो. आबाजी पडल्या पडल्या ऐकत होते. तिकडे बाबा प्रश्न विचारत होते आणि बांद्र्याचे लोक उत्तर देत होते. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला आबाजी खाटेवर उठून बसले आणि गंजाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "नाही जी!"

शेजारच्या अंगणातून काकूंनी विचारले, "काय झालं वं?"

"काही नाही काकू," माझी मुलगी हसत ओरडली, "आबाजी कीर्तनात बसून राह्यले!"