पेनड्राइव्हमधून आलेल्या सॉफ्टवेअरवर विश्वास कसा ठेवावा?

जासईच्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले की न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर एकामागून एक जाताना दिसतात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातली प्रत्येक पेटी उघडून पाहणे शक्य नसते. म्हणून दारावरच्या सीलचा क्रमांक कागदपत्रांशी जुळवतात.

शाळेतल्या संगणकाला इंटरनेट नसेल तर असाच प्रश्न आपल्यापुढे येतो. समजा, आकाशदर्शनासाठी ‘स्टेलॅरियम’ हवे आहे आणि कोणीतरी ते पेनड्राइव्हमधून आणून दिले. ते अस्सल आहे, हे कसे ओळखायचे?

१९९३ मध्ये सुरू झालेली डेबियन ही लिनक्स प्रणाली घेऊ. तिच्यात प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून बांधलेले असते. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. ती सूचीसह जेथे ठेवतात त्याला रिपॉझिटरी म्हणतात. आपण भांडार म्हणू. हे भांडार इंटरनेटवरच असावे असे नाही. पूर्वी ते सीडींच्या संचावर मिळे. आज पेनड्राइव्हवरही मावते.

पहिली अडचण अपुऱ्या सामानाची. स्टेलॅरियम एकटे चालत नाही. त्याला ताऱ्यांच्या माहितीचे पॅकेज लागते, चित्रे दाखवणारी इतर पॅकेजेही लागतात. कोणाला काय लागते, हे सूचीत लिहिलेले असते. आपल्या संगणकावर काय आधीच आहे, आवृत्ती व प्रोसेसर कोणता, हे टिपून नेले तरच उरलेले सारे एका खेपेत आणता येते.

दुसरी अडचण अस्सलपणाची. सूचीत प्रत्येक पॅकेजचा गणिताने काढलेला ‘ठसा’ असतो. तो कसा असावा? वर्गात करून पाहा: क=१, ल=२, म=३ माना. ‘कमल’ आणि ‘कलम’ या दोहोंची बेरीज ६ येते. बदल कळत नाही. आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणा. ‘कमल’चे १३ होतात, ‘कलम’चे १४. डेबियनमध्ये वापरली जाणारी एसएचए-२५६ ही रीत याहून कितीतरी कठीण आहे. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ६४ अंकाक्षरी ठसा पार बदलतो.

पण लबाडाने सूचीच बदलली तर? म्हणून ठशांच्या यादीवर डेबियनची गणिती सही असते. ती करण्याची किल्ली फक्त त्यांच्याकडे असते. तपासण्याची किल्ली मूळ प्रणालीबरोबरच आपल्या संगणकावर येते. त्यामुळे ही तपासणी इंटरनेटविना होते. पेनड्राइव्ह कोणाच्या खिशातून आला, याला महत्त्व उरत नाही.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. सुटे पॅकेज थेट बसवले तर ही सही तपासली जात नाही. सोबत सहीची सूचीही हवी. आणि पहिली डिस्क खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावी, कारण पुढचा सारा विश्वास तिच्यातल्या किल्लीवर उभा असतो. सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत. तेव्हा दर महिन्याला एक खेप ठरवून घ्यावी. ते काम वरच्या वर्गातली मुले आनंदाने करतील.