टॅमॉक्सिफेन, जनुके आणि आपले औषधपत्र

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून मुंबईहून वा मिरजेहून परतलेल्या रुग्णा कोल्हापुरातील आपल्या दवाखान्यांत येतात, तेव्हा त्यांच्यापाशी पुष्कळदा टॅमॉक्सिफेनची गोळी असते. ती पाच वर्षे कशासाठी घ्यावयाची आणि सोबत शतावरी वा हळद चालेल काय, हे दोन प्रश्न त्या विचारतात. दोहोंचे उत्तर पेशीच्या केंद्रकात आहे.

बहुतांश स्तनार्बुदांच्या पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राही असतात. इस्ट्रोजेन चिकटताच ग्राहीचा आकार पालटतो, तो डीएनएच्या ठराविक जागी बसतो व सहायक प्रथिने गोळा करतो. त्यामुळे सायक्लिन डी-१ सारखी, पेशीविभाजनास चालना देणारी जनुके सक्रिय होतात. टॅमॉक्सिफेन ग्राहीवरील तीच जागा अडविते. मग सहायकांऐवजी दमनकारी प्रथिने येतात, तेथील डीएनएची गुंडाळी घट्ट होते व जनुके मूक होतात. लेट्रोझोल मात्र रजोनिवृत्तीनंतर शरीरात होणारी इस्ट्रोजेनची निर्मितीच रोखते.

येथे जनुक नष्ट होत नाही, केवळ मिटलेले राहते. म्हणून सातत्य महत्त्वाचे. पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने पंधरा वर्षांतील स्तनकर्करोगजन्य मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, असे २०११ सालच्या एकत्रित विश्लेषणात आढळले.

गर्भाशयातील सहायक प्रथिने निराळी असल्याने तेथे हेच औषध इस्ट्रोजेनसारखे वागते. अशा रुग्णेस रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास तो प्रदर समजून अशोकारिष्ट देत राहू नये. तत्काळ तपासणीस पाठवावे.

टॅमॉक्सिफेनचे यकृतात एन्डॉक्सिफेन होते आणि तेच अधिक प्रभावी असते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सोळा रुग्णांच्या अभ्यासात, कर्क्युमिन व पिपरिन एकत्र दिल्यावर रक्तातील एन्डॉक्सिफेन सुमारे बारा टक्क्यांनी घटले. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीस हे लागू नाही. मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल मात्र टाळाव्यात. ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन इस्ट्रोजेनच्या ग्राहीस चिकटते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. शतावरीबाबतही आम्ही सावधगिरीच सुचवितो.

औषधविक्रेत्यांनी पॅरोक्सेटिन वा फ्लुओक्सेटिन सोबत लिहिलेले दिसल्यास चिकित्सकास कळवावे. ही औषधे एन्डॉक्सिफेन बनविणारे विकर अडवितात.

रुग्णेचा आपल्यावर विश्वास असतो. तिच्या कर्करोगतज्ज्ञास विचारल्यावाचून नवा कल्प न देणे आणि गोळी खंडित न होऊ देणे, हीच तिची खरी सेवा होय.