पत्री सरकारची पत्री

गेल्या ऑगस्टमध्ये क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. माझ्या आधीच्या वक्त्यानं हातात हातोडा असल्याचा आविर्भाव केला आणि मुलांना सांगितलं, की फितुराला आडवं पाडायचं, घोड्याला नाल ठोकतात तसे त्याच्या तळपायाला पत्रे ठोकायचे, म्हणून नाव पडलं पत्री सरकार. मुलं शहारली, मग टाळ्या पडल्या. हे मी एसटीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, निवडणुकीच्या सभेत ऐकलंय. सातारा-सांगलीच्या मातीतली सगळ्यात मोठी गोष्ट एका खिळ्यावर टांगून ठेवलेली बघितली, की संताप येतो.

आधी नावाचं बघू. 1943 पासून साताऱ्यातल्या भूमिगतांनी चालवलेल्या या सरकारचा मूळ शब्द प्रतिसरकार. इंग्रजांच्या सरकारला प्रति, म्हणून प्रतिसरकार. आपल्याकडे बोलताना नुकसानीचं ‘नुसकान’ होतं, तसं ‘प्रति’चं ‘पत्री’ झालं. पण हाच शब्द टिकला, कारण पत्री गावाला ओळखीची होती. बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पट्टी म्हणजे पत्री. ज्यांनी पत्री मारताना पाहिलीय त्यांना आठवेल: बैलाला दोरानं खाली पाडतात, पाय एकत्र करकचून बांधतात, तळ वर करतात आणि मग ठोकाठोक.

आता खबऱ्याला प्रत्यक्षात काय शिक्षा व्हायची ते बघा. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे रामचंद्र लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ, यांनी कुंडलमध्ये पत्रकार पी. साईनाथांना ती सविस्तर सांगितली होती. रात्री घराला वेढा घालायचा, खबऱ्याला आणि त्याच्या एका साथीदाराला गावाबाहेर न्यायचं, घोट्यांमध्ये लाकूड घालून पाय बांधायचे, उलटं धरायचं आणि फक्त तळपायांवर काठ्या मारायच्या. अंगाला दुसरीकडे कुठेही हात लावायचा नाही. मग साथीदाराच्याच पाठीवर घालून त्याला घरी पाठवायचं. साईनाथ पत्रीचा अर्थ लाकडाची काठी असा देतात. मला मात्र बांधलेले पाय आणि वर आलेले तळवे यांत बैलाच्या पत्रीचं साम्य उघड दिसतं. अर्थ कुठलाही घ्या, जो माणूस स्वतः त्या सेनेचा कॅप्टन होता, त्याच्या सांगण्यात खिळा नाही, पत्रा नाही. आणि थोडा विचार करा. बैलाचा खूर म्हणजे आपल्या नखासारखा निर्जीव भाग, माणसाचा तळवा म्हणजे जिवंत मांस. धनुर्वाताची लस खेड्यात पोचण्याआधीच्या काळात गंजका खिळा तळव्यात गेलेला माणूस धनुर्वातानं जाण्याची मोठी भीती होती. जरब बसवायची होती, मढी पाडायची नव्हती. मारहाण क्रूर होती, ती झाकायचं कारण नाही. पण झालं तेवढंच सांगावं.

खिळ्याच्या गोष्टीनं खरा प्रश्न गडप होतो, तो असा: ऑगस्ट 1942 मध्ये तिरंगा घेऊन कचेरीवर चालत जाणारी माणसं वर्षभरात स्वतःचं सरकार चालवायला कशी लागली?

8 ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पुढारी तुरुंगात गेले. साताऱ्यात मोर्चे निघाले ते त्यानंतर, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या बळावर. 24 ऑगस्टला कराड, 3 सप्टेंबरला तासगाव. मामलेदार कचेरीवर झेंडा लावायचा, अधिकाऱ्याला गांधीटोपी घालायला लावायची, एवढाच बेत, आणि तासगावात तो पार पडला. 9 सप्टेंबरला वडूजला मात्र पोलिसांनी गोळ्या घातल्या. हातात झेंडा घेतलेले परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार, तिथे पंड्या आणि बारपटे गेले. दोन दिवसांत जिल्ह्याला कळलं, की समोरून चालत गेलं तर फक्त प्रेतं मोजावी लागतील.

तिथून माणसं भूमिगत झाली. तारा तुटल्या, चावड्या जळाल्या. पण इंग्रजी अंमल सैल होताच पोकळीत दरोडेखोर शिरले, पोलिसांच्या खबऱ्यांना ऊत आला, सावकार होतेच. गावकरी भूमिगतांकडे येऊन म्हणायला लागले, आमचा बंदोबस्त करा. बंदोबस्त केला की पाठोपाठ बांधाचं भांडण आलं, मग कर्जाचं, मग नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं. 1943 मध्ये या कामाला आकार आला आणि त्याला प्रतिसरकार हे नाव मिळालं. न्यायदान मंडळं गावातच बसत. कोर्टाची फी नाही, वकील नाही, तालुक्याला हेलपाटे नाहीत. हुंडा आणि वाजंत्री टाळून खादीच्या हारांत लागणारे गांधी विवाह, दारूबंदी, वाचनालयं हे सगळं त्याच कामाचा भाग होतं. लोकांनी या सरकारला भाकरी आणि आसरा दिला तो यासाठी. भीतीपोटी माणूस एक रात्र दार उघडेल, तीन वर्षं नाही उघडणार. कासेगावात राहून हा इतिहास लिहिणाऱ्या गेल ऑमवेट यांचं लेखन किंवा ए. बी. शिंदे यांचा साताऱ्याच्या प्रतिसरकारवरचा ग्रंथ काढून बघा.

आणि असंतोष काही 1942 ला आकाशातून पडला नव्हता. 1848 मध्ये डलहौसीनं साताऱ्याचं राज्य खालसा केलं. 1857 मध्ये सतरा जणांना साताऱ्यात देहदंड झाला. सत्यशोधक चळवळीनं शेतकऱ्याला सावकार आणि भटभिक्षुकांपुढे मान वर करायला शिकवलं, 1930 मध्ये बिळाशीनं जंगल सत्याग्रह केला. प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटील या सत्यशोधकी वातावरणातले. ते तलाठी होते, 1930 मध्ये नोकरी सोडून चळवळीत आले. तलाठी म्हणजे गावात उतरलेला इंग्रजी राज्याचा शेवटचा धागा. सारा कसा वसूल होतो, जमीन कुणाच्या नावावर कशी चढते, हे त्यांना दप्तरासकट पाठ होतं. असा माणूस सभेत उभा राहून बोलायला लागला की शेतकऱ्याला परका वाटत नसे.

आता प्रतिसरकारबद्दल नेहमी ऐकू येणारी बाकीची वाक्यं.

‘प्रतिसरकार सांगली जिल्ह्यात होतं.’ सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते, सांगली हे संस्थान होतं. दक्षिण सातारा जिल्हा 1949 चा, त्याचं सांगली हे नाव 1960 चं. तुफान सेनेचं ठाणं असलेलं कुंडल तर औंध संस्थानात होतं आणि ब्रिटिश हद्द व संस्थानी हद्द यांच्या या गुंत्याचा भूमिगतांना फार उपयोग झाला.

‘सगळं नाना पाटलांनी केलं.’ मग जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर, बाबूजी पाटणकर यांना कुठे ठेवायचं? मणदूरला 25 फेब्रुवारी 1945 रोजी पोलिसांशी लढताना गेलेले किसन अहिर आणि पंजाबातून आलेले नानकसिंग?

‘बायका भाकरी थापत होत्या.’ भाकरी थापल्याच, आणि त्याशिवाय चळवळ जगली नसती. पण हौसाताई पाटील, लीलाताई पाटील, इंदुताई पाटणकर, राजमती बिरनाळे यांनी निरोप नेले, शस्त्रं नेली, जोखमीची कामं अंगावर घेतली.

‘ती लुटारूंची टोळी होती.’ 7 जून 1943 रोजी शेणोलीला अडवलेल्या गाडीत रेल्वेच्या पगाराचे 19,175 रुपये होते. 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याकडे चिमठाण्याला पकडलेला सुमारे साडेपाच लाखांचा खजिना सरकारी होता. हे पैसे लोकांकडूनच ओरबाडलेले होते आणि ते आम्ही परत आणले, असं कॅप्टन भाऊ शेवटपर्यंत सांगत.

‘असली सरकारं तेव्हा देशभर होती.’ होती, पण मोजकीच. बलियातलं काही दिवस टिकलं, बंगालमधलं तामलुकचं डिसेंबर 1942 ते सप्टेंबर 1944. भूमिगतांनी उघड व्हावं असं गांधीजींनी 1944 मध्ये सांगितल्यावरही साताऱ्यातली बहुतेक माणसं भूमिगतच राहिली आणि काम चालू ठेवलं.

‘शेवटी पोलिसांनी प्रतिसरकार मोडून काढलं.’ हे तर साफ खोटं. 1946 च्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली आणि चव्वेचाळीस महिने पोलिसांना न सापडलेले नाना पाटील मे महिन्यात कराडला लोकांसमोर उभे राहिले. याच चळवळीत भूमिगत राहून तुरुंगात गेलेले यशवंतराव चव्हाण त्या वर्षी संसदीय सचिव म्हणून सरकारात बसले होते.