नगररचनेचे नवे दफ्तर (लेखांक सातवा) : उपऱ्या इमारतीची रुजवात

मागील लेखांकात आपण नियमांवरून आपोआप उभी राहणारी शहरे पाहिली. 2001 साली पॅरिश आणि म्युलर या दोघा संशोधकांनी झ्यूरिकमध्ये मांडलेली ती कल्पना पुढे ‘सिटीइंजिन’ या सॉफ्टवेअरच्या रूपाने नगररचनाकारांच्या टेबलावर आली, आणि भूखंडाची हद्द, मजल्यांची संख्या, सोडावयाची मोकळी जागा व छपराचा प्रकार एवढे सांगितले की आळीच्या आळी पडद्यावर उभी राहू लागली. नेदरलँड्समध्ये तर देशातील सुमारे एक कोटी इमारतींच्या त्रिमितीय आकृती, जमिनीवरील रेखा आणि विमानातून केलेली लेसर-मोजणी यांचा मेळ घालून, माणसाचा हात न लागता तयार झाल्या आहेत. तथापि दोन प्रकारच्या इमारती या यंत्राला दाद देत नाहीत. एक, जिचे रूप कोणत्याही नियमात बसत नाही अशी, म्हणजे घुमट, शिखर किंवा जुन्या वाड्याची मोडती कौलारू छपरे. आणि दुसरी, जी अद्याप बांधलीच गेलेली नाही आणि म्हणून कोणत्याही विमानाला दिसणे शक्य नाही अशी. या दोन्हींची प्रतिकृती कोणीतरी स्वतंत्रपणे घडवावी लागते आणि मग ती तयार शहरात आणून बसवावी लागते. ही उपरी इमारत शहरात दाखल होताना तिची रुजवात कशी घालावी, हा आजचा विषय.

प्रतिकृती किती तपशीलवार असावी याबद्दल ‘सिटीजीएमएल’ या आंतरराष्ट्रीय मानकाने पायऱ्या ठरवून दिल्या आहेत : पहिलीत नुसता ठोकळा, दुसरीत छपराचा आकार, तिसरीत दारेखिडक्या. वास्तुविशारदांचा ओढा साहजिकच तिसरीकडे असतो, आणि काचेवर पडलेले ढग, गच्चीतली झाडे, फाटकाशी उभी मोटार असा थाट असलेले मॉडेल समितीपुढे आले की समिती निम्मी जिंकलेली असते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. योग्य जागी आणि योग्य उंचीवर उभा असलेला ओबडधोबड ठोकळा नगररचनाकाराच्या अधिक उपयोगी पडतो. भलत्या जागी उभा असलेला राजवाडा त्याची केवळ दिशाभूल करतो.

भलत्या जागी तो जातो कसा? मोठ्या चुका हसून सोडून देण्यासारख्या असतात, कारण त्या डोळ्यांत भरतात. काही सॉफ्टवेअरांत उभी दिशा एका अक्षाने दाखवतात, काहींत दुसऱ्याने. त्यामुळे आयात केलेली इमारत कधी कधी रस्त्यावर उताणी पडते. स्केचअप आपले सर्व हिशेब आतून इंचांत ठेवते, दुसरे सॉफ्टवेअर आलेला आकडा मीटर समजते, आणि मग तीस मीटरांची इमारत अकराशे मीटरांहून उंच होऊन ढगांत जाते. हे सारे शिपायालाही कळते. ज्या चुका कळत नाहीत त्या लहान असतात, आणि घोळ त्यांचाच होतो. वास्तुविशारद नकाशा कागदावर सरळ बसावा म्हणून स्वतःच्या सोयीची उत्तर दिशा धरतो. ती दुरुस्त न करता मॉडेल शहरात ठेवले, तर शेजारच्या घरावर पडणारी सावली चुकीच्या वेळी पडते, आणि चित्र पाहणाऱ्या कोणालाही त्यात वावगे दिसत नाही.

उंचीचा प्रश्न याहून बारीक आहे. उपग्रहाच्या साहाय्याने मोजलेली उंची ही पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते, तर सरकारी नकाशावरील उंची समुद्रसपाटीपासूनची असते. लंडनमध्ये या दोहोंत सुमारे 45 मीटरांचे अंतर आहे. एवढी तफावत लगेच उघडकीस येते हे खरे. परंतु इमारतीची उंची पायथ्याच्या रस्त्यापासून मोजली की भूखंडाच्या सरासरी पातळीपासून, हा तपशील मॉडेलसोबत आलाच नाही, तर उतारावरच्या जागेत एखादा मजला सहज इकडचा तिकडे होतो.

आणखी एक गोष्ट, जी यंत्राच्या स्वभावातली आहे. पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा सामान्यतः आकडे बत्तीस बिटांत साठवते, आणि त्यांत सातच्या आसपास अंक विश्वसनीय असतात. प्रचलित जागतिक नकाशा-पद्धतीत पुण्याचे विषुववृत्तापासूनचे अंतर वीस लाख मीटरांहून थोडे अधिक भरते. एवढ्या मोठ्या आकड्यात या यंत्रणेची सर्वांत लहान पायरी 12.5 सेंटिमीटरांची होते. म्हणजे बारीक नक्षीची जाळी तिच्यापुढे आली तर तिचे गज या पायऱ्यांवर जाऊन बसतात, आणि दृश्य फिरवताच थरथरू लागतात. म्हणून जाणते लोक मॉडेलचा आरंभबिंदू भूखंडाच्या एका कोपऱ्याशी ठेवतात आणि त्या कोपऱ्याचा नकाशावरील ठावठिकाणा स्वतंत्र नोंदवतात. ही एका ओळीची नोंद हरवली की मॉडेल निराधार झाले.

या साऱ्या काटेकोरपणाची गरज काय, असे विचारणाऱ्याने लंडनचे उदाहरण पाहावे. सेंट पॉल कॅथीड्रलचा 111 मीटर उंचीचा घुमट शहरातील ठराविक स्थळांवरून दिसत राहावा यासाठी तेथे 1930 नंतरच्या दशकापासून निर्बंध आहेत. फॅराडे बिल्डिंग नावाच्या दूरध्वनी-इमारतीने नदीकडून दिसणारा घुमट झाकला, आणि मग ही जाग आली. संरक्षित दृश्यांपैकी एक रिचमंड पार्कमधील किंग हेन्रीज माउंड या टेकाडावरून दिसते. तेथे कुंपणाच्या झुडपांत मुद्दाम एक फट राखलेली आहे, आणि त्या फटीतून, झाडी कापून केलेल्या वाटेवरून, सुमारे सोळा किलोमीटरांवरचा घुमट दिसतो. निरीक्षकाची नजर जमिनीपासून 1.6 मीटरांवर धरावी, इथपर्यंत तपशील सरकारी दस्तऐवजात बांधून दिलेला आहे. असे असूनही 2016 च्या अखेरीस लोकांच्या ध्यानात आले, की घुमटाच्या मागे, आणखी सात किलोमीटरांवर, स्ट्रॅटफर्ड येथील एक 42 मजली मनोरा वर आला आहे. घुमटामागची हद्द कुठपर्यंत धरायची, या प्रश्नावर मोठा गहजब झाला. मनोरा मात्र तोवर उभा राहिला होता.

हेच दृश्य नगररचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडू गेले तर काय होईल, ते पाहण्याजोगे आहे. सपाट नकाशावर इमारती ठेवताना पृथ्वीची वक्रता जमेस धरली जात नाही. टेकाडावरून पाहता घुमट या वक्रतेमुळे सुमारे 19 मीटर आणि मागचा मनोरा सुमारे 40 मीटर खाली गेलेला असतो. दोहोंची अंतरे लक्षात घेऊन हिशेब केला, आणि हवेत प्रकाश किंचित वाकतो त्याची सूट दिली, तरी सपाट मॉडेलमध्ये मनोरा घुमटाच्या मानाने दहा-अकरा मीटर, म्हणजे तीनेक मजले, फाजील उंच दिसेल. येथे चूक बिल्डरच्या विरुद्ध गेली. दुसऱ्या जागी ती त्याच्या पदरातही पडेल. मॉडेल तेच, त्यातील खिडकी न् खिडकी बिनचूक, आणि तरीही त्याची साक्ष खोटी.

साक्ष हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. प्रस्तावित इमारतीचे मॉडेल बहुधा ज्याला परवानगी हवी आहे त्याच्याकडूनच येते, आणि पक्षकाराने स्वतः आणलेला पुरावा कोणतेही न्यायासन तपासल्याखेरीज दफ्तरी लावून घेत नाही. मॉडेलसोबत एका पानाची कैफियत सक्तीने मागावी : कोणती निर्देशांक-पद्धत, उंची कोठून मोजली, परिमाण कोणते, खरी उत्तर कोणती, आणि मोजणीच्या नकाशावर ताडून पाहता येतील असे निदान दोन कोपरे. त्या दोन कोपऱ्यांची रुजवात घालायला एका लिपिकाला घटकाभर पुरते, आणि मॉडेलच्या दिमाखाने दिपून न जाता एवढे केले, तर वर सांगितलेल्या बहुतेक चुका तेथेच थांबतात.

आपल्याकडे 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखड्यावर हरकती-सूचना मांडण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. अशा सुनावणीत उद्या कोणी त्रिमितीय चित्र पुढे केलेच, तर ते पाहणाऱ्या डोळ्याची जागा कोणती आणि उंची कोठून मोजली, हे दोन प्रश्न वाचकांनी अवश्य विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी मागून घ्यावीत.