‘मन लागत नाही’ या तक्रारीचे काय करायचे?

पुण्याच्या परिसरात शिवणकामाचे प्रशिक्षण देण्याचे काम मी गेली बारा वर्षे करते आहे. या काळात यंत्रावर बसणाऱ्या मुली बदलल्या. पूर्वी जवळपासच्या वस्तीतल्या बायका यायच्या, मूल शेजारणीकडे ठेवून, दुपारची सवड काढून. आता नंदुरबार, हिंगोली, गडचिरोलीच्या मुली येतात. ओडिशा, झारखंडच्याही येतात. काही महिने वसतिगृहात राहायचे, शिलाई यंत्र चालवायला शिकायचे आणि मग कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरायची. ही नोकरी बहुधा आणखी दूर असते, बेंगळुरूला नाही तर तिरुपूरला. २०१४ साली केंद्र सरकारने दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना सुरू केली आणि ही वाट रुंद झाली. या योजनेत लाभार्थींपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असा नियमच आहे. मुलगी घराबाहेर पडते, चार पैसे मिळवते, हे चांगलेच झाले. प्रश्न आहे तो मधल्या महिन्यांचा.

या महिन्यांत काही मुली निघून जातात. कागदोपत्री त्याला ‘गळती’ म्हणतात. हजेरीपटावर कारण लिहावे लागते, म्हणून कोणीतरी लिहितो : ‘घरगुती अडचण’ किंवा ‘कामाची आवड नाही’. मुलगी स्वतः मात्र वेगळेच सांगत असते. ती म्हणते, ‘‘ताई, मन लागत नाही.’’ या तीन शब्दांसाठी हजेरीपटात जागा नाही.

मन लागत नाही, असे सरळ म्हणणाऱ्याही थोड्याच. बहुतेकींचे शरीरच बोलते. डोके दुखते, पोटात कळ येते, छातीत धडधडते, पाळी चुकते. दवाखान्यात नेले की रक्त तपासतात, गोळ्या देतात. चार दिवसांनी पुन्हा तेच. नंदुरबारकडची एक मुलगी माझ्या वर्गात होती. हात इतका स्थिर, की कॉलरचे टोक पहिल्याच आठवड्यात बिनचूक वळवायची. महिन्याभराने तिची शिवण वाकडी जायला लागली. सुया मोडायच्या, बॉबिन भरायचे विसरायची. व्यवस्थापकांचे मत पडले, की मुलगी आळशी आहे. खरी गोष्ट अशी होती, की रात्री तिला झोप नव्हती. घरी भिली बोलणारी ही मुलगी. वर्गात मराठी, खोलीत हिंदी, आणि बाकी तिघी एकमेकींशी उडिया बोलायच्या. दिवसभरात तिच्या बोलीतला एक शब्द तिच्या कानावर पडत नव्हता. फोन संध्याकाळी सातला वसतिगृहात जमा होई, आणि आई मजुरीवरून घरी यायची आठला.

आता यात आजार कुठला आणि अडचण कुठली? मला वाटते, आपण हा भेद फार घाईने करतो. एक तर ‘इतकं मनाला लावून घ्यायचं नाही’ म्हणून मोकळे होतो, नाही तर थेट मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढतो, आणि ते ऐकून मुलगी आणखीच घाबरते. बहुतेकींचे दुःख या दोहोंच्या मध्ये असते. घरून पैशाची विचारणा होते. ‘शिकून झालं की लग्न’ असा निरोप येतो. गावात कोणीतरी म्हणालेले असते, की शहरात गेलेली मुलगी हाताबाहेर जाते. त्यात पर्यवेक्षकाची नजर, अंघोळीला रांग आणि ताटात न सोसणारे जेवण. हे सगळे एकदम अंगावर आले, तर धडधाकट माणूसही खचेल.

वेळीच कोणी विचारपूस केली तर यातले बरेच सावरते. अशी विचारपूस करायला दर वेळी डॉक्टरच लागतो असे नाही. गोव्यात ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून काम करते आहे. तिच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक, पदवीधर पण डॉक्टर नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसवले, तर नैराश्य आणि चिंतेने त्रासलेल्यांना आधार मिळतो, असे सरकारी केंद्रांत दिसून आले. तिकडे झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने दवाखान्याच्या अंगणात बाके टाकून वस्तीतल्या आजीबाईंना बसवले. तिथे शोना भाषेत या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. म्हणजे फार विचार करणे. आपल्याकडेही बाई हेच म्हणते, ‘‘डोक्यातले विचार थांबत नाहीत.’’

महाराष्ट्राला तरी हे नवे वाटू नये. धोंडो केशव कर्वे यांचा हिंगण्याचा आश्रम काय, रमाबाई रानडे यांचे पुण्याचे सेवासदन काय, घर सुटलेल्या वा सोडलेल्या स्त्रीला शिकवायचे तर शिक्षणाबरोबर माणसांचा आसराही द्यावा लागतो, हे ओळखूनच त्या संस्था उभ्या राहिल्या. आज आपल्याकडे यंत्रे आहेत, बोटाचा ठसा घेणारी हजेरी आहे. आसऱ्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

माझ्या अनुभवावरून मागण्या साध्याच आहेत. पहिले पंधरा दिवस वेगाची चाचणी नको. नव्या मुलीची जोडी तिच्या बोलीच्या, आधीच्या तुकडीतल्या मुलीशी लावावी. फोनची वेळ घरच्यांच्या सवडीने ठरवावी. आठवड्यातून एक तास यंत्रे बंद ठेवून नुसते बसावे. त्यात पहिल्या पगारातले घरी किती पाठवायचे आणि स्वतःजवळ किती ठेवायचे, हेही बोलून घ्यावे. मुली कोणाशी तरी बोलणार त्या यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेशीच. म्हणून ऐकून कसे घ्यावे आणि कधी पुढे पाठवावे याचे शिक्षण तिला द्यावे, आणि त्यासाठी तिच्या तासिका कमी कराव्यात. मुलीने विश्वासाने सांगितलेले व्यवस्थापनाच्या फायलीत जाता कामा नये. त्रास देणारा संस्थेतलाच कोणी असेल, तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार तक्रार समिती हवी आणि तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर हवीत.

कधीकधी एवढ्याने भागत नाही. मुलगी जेवण सोडते, ‘मी नसलेलीच बरी’ असे बोलते. तिथे धीर देत बसू नये. तिला एकटी न सोडता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट, रात्रंदिवस आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहायला कितीसा खर्च येतो?

‘‘इथे आम्ही कारागीर घडवतो, लाड करत नाही,’’ असे एकदा मला ऐकवण्यात आले. पण संस्थेला मिळणाऱ्या अनुदानाचे हप्ते मुली नोकरीला लागण्याशी जोडलेले असतात. महिन्याभरात निघून गेलेल्या मुलीवरचा खर्च कोणाच्या खात्यात धरायचा? शिवाय अशी मुलगी परत जाते ती एकटी जात नाही. गावात बोलले जाते, ‘‘बघा, तिला जमलं नाही.’’ तिच्या पाठच्या बहिणीला घरून परवानगी मिळत नाही, शेजारच्या घरातली अर्ज भरत नाही. चार वर्षांनी आपण सभेत विचारतो, की अमुक तालुक्यातून मुली का येत नाहीत. त्याचे उत्तर आमच्याच हजेरीपटात, ‘आवड नाही’ या शेऱ्याखाली दडलेले असते. तेव्हा निदान तो शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलीजवळ बसून दहा मिनिटे बोलावे, एवढा नियम तरी प्रत्येक केंद्राने करावा.