अक्षरांना पुरेल एवढा कळफलक

आनंदराव धुळपांच्या अमदानीत विजयदुर्ग हे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे असताना ज्या मोडी लिपीत तिथला कारभार दप्तरी दाखल होत असे, त्या लिपीला जागेची अडचण कधी भासली नाही. आधी कागदभर शिरोरेघ ओढावी आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडीत जावे, असा तिचा रिवाज असल्यामुळे जोडाक्षर कितीही अवघड असले तरी ते कारकुनाच्या मनगटात सामावून जाई. अक्षरांच्या संख्येचा प्रश्न उपस्थित झाला तो लेखणीची जागा यंत्राने घेतल्यावर. यंत्राला प्रत्येक आकृतीसाठी स्वतंत्र जागा लागते, आणि आपल्या लिपीच्या आकृती, काने-मात्रा आणि जोडाक्षरे धरली म्हणजे, कित्येक शतांच्या घरात जातात.

छापखान्याने ही संख्या निमूटपणे मान्य केली. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईस स्थापन केलेल्या निर्णयसागरात काय किंवा अन्यत्र काय, जुळारी खणाखणांच्या पेट्यांपुढे उभा राहून हात लांबवी आणि हवा तो खिळा उचली. पेट्या वाढवल्या की प्रश्न मिटे. टंकलेखन यंत्राला मात्र ही मुभा नव्हती. त्यातील प्रत्येक कळीमागे एक लोखंडी भुजा, प्रत्येक भुजेच्या टोकाला दोन अक्षरे, आणि साऱ्या भुजांचा आघात कागदावरील एकाच बिंदूवर व्हायचा, अशी त्याची घडण असल्याने कळा वाढवाव्यात तो भुजांची दाटी होऊन त्या एकमेकींत अडकण्याचे भय. त्यामुळे शेचाळीसच्या आसपास कळा आणि नव्वदीच्या घरात चिन्हे, एवढ्याच चौकटीत बाराखडी बसवावी लागली. ती बसवताना केलेली योजना आजही स्तिमित करते: ग, त, प, म यांसारख्या अक्षरांचे अर्धे रूप कळीवर ठेवायचे आणि पूर्ण अक्षर हवे असल्यास पुढे काना जोडायचा; मात्रा-उकारांसाठी कागद पुढे न सरकवणाऱ्या निश्चल कळा योजायच्या; ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येत असली तरी व्यंजनाच्या आधी उमटवायची. एवढे करूनही उभी जोडाक्षरे बाहेरच राहिली, आणि ‘विठ्ठल’ लिहिताना पहिल्या ठचा पाय मोडणे हा नित्याचा शिरस्ता झाला.

फलक वाढत नाही, तर लिपीच आटोपशीर करावी, हा विचार ज्या दोन थोर पुरुषांनी हिरिरीने मांडला, त्या दोघांचाही विजयदुर्गच्या या कोकण किनारपट्टीशी संबंध असावा, हा योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. ते आज ज्यात आहे तो सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याच रत्नागिरी जिल्ह्यात १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र रूपे टाकून ‘अ’लाच वेलांट्या, उकार आणि मात्रा द्याव्यात, या त्यांच्या सूचनेत यंत्राच्या दृष्टीने सहा आकृतींची सरळ बचत होती, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती प्रत्यक्ष आचरणातही आणली. दुसरे काका कालेलकर. त्यांचा जन्म साताऱ्याचा असला तरी त्यांचे आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली या गावावरून आलेले. हिंदी लघुलेखन आणि टंकलेखन यांच्या प्रमाणीकरणासाठी १९४८ साली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि ‘अ’ची बाराखडी त्यांनीही आपलीशी केली होती. पुढे १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणण्याची शिफारस केली, परंतु लोकांच्या डोळ्यांना ती मानवली नाही आणि अखेर मागे घ्यावी लागली. या मंडळींच्या तळमळीविषयी मला नितांत आदर आहे. तथापि यंत्राच्या एका तात्पुरत्या उणिवेसाठी शतकानुशतकांची वळणे मोडावीत, हे मला कधीच पटले नाही.

१९५५ साली गोदरेजचे देशी टंकलेखन यंत्र बाहेर पडले, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली, आणि तालुक्याच्या कचेऱ्यांतून मराठी यंत्रांचा खडखडाट सुरू झाला. अर्ज, नकला, दाखले आणि हुकूम यांचा निपटारा या आखूड फलकावरच होऊ लागला.

याच सुमारास इतर देशांत नेमका उलट मार्ग चोखाळला जात होता. जपानी वृत्तपत्रांनी आपल्या तारयंत्रासाठी १९२ कळांचा आणि प्रत्येक कळीवर डझनभर चित्राक्षरे असलेला प्रचंड फलक स्वीकारला. संगणक आल्यावर भुजांची दाटी हे कारणच उरले नाही, आणि मग कळफलक हवा तसा पसरू लागला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९७८ च्या सुमारास जॉन कल्प यांनी रचलेल्या ‘स्पेस कॅडेट’ फलकावर शिफ्टसारख्या, अर्थ पालटणाऱ्या, सात प्रकारच्या कळा होत्या. त्या एकत्र दाबून ग्रीक अक्षरांसह आठ हजारांवर चिन्हे साधता येत. आयबीएमने मोठ्या संगणकांच्या टर्मिनलांसाठी काढलेल्या १२२ कळांच्या फलकावर नुसत्या कार्यकळाच २४ होत्या. पुष्कळांना हे फलक विक्षिप्त वाटतात. मला त्यांत एक प्रामाणिक औदार्य दिसते, कारण चिन्हे अधिक असतील तर ती कमी करण्याऐवजी फलकच वाढवण्याची सिद्धता त्यांच्या कर्त्यांनी दाखवली.

मराठीच्या वाट्याला तसा विस्तीर्ण फलक आला नाही, आणि पुढे त्याची गरजही राहिली नाही. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून ‘जिस्ट’ तंत्रज्ञान उभे राहिले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे ते आले. त्याचे मर्म असे, की कळीने केवळ वर्ण सांगावा आणि आकृती संगणकाने घडवावी. त्याला जोडून आलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, अल्पप्राणाच्याच कळीवर शिफ्टने महाप्राण, लच्या कळीवर ळ आणि रच्या कळीवर ऱ, असा वर्णमालेचाच क्रम पाळला आहे. खलाशाला पदोपदी लागणारा ‘वाऱ्या’तला ऱ्य त्यामुळे साध्या इंग्रजी फलकावर विनासायास उमटू लागला, आणि विठ्ठलाच्या ठचा पायही शाबूत राहिला. सारे लगोलग सुरळीत झाले असे मात्र नव्हे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडले.

गोदरेजने टंकलेखन यंत्रे करणे थांबवले त्याला आता दीड दशक लोटले आहे, परंतु त्या यंत्राची कळरचना अनेक कारकुनांच्या बोटांत अद्याप मुक्काम करून आहे. संगणकावर बसूनही ते अर्धा ग दाबून काना जोडतात, वेलांटी आधी देतात, आणि त्यांच्या सोयीसाठी तीच जुनी रचना आज्ञावल्यांतून कायम ठेवावी लागते. ज्यांचा हात तिच्यावर बसला आहे त्यांना आता नवा धडा गिरवायला लावणे अन्यायाचे होईल. पण विजयदुर्ग ज्यात येते त्या देवगड तालुक्यातील ज्या मुलांनी कळफलकाला अजून हातही लावलेला नाही, त्यांना पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्टच शिकवावी, आणि ती शाळेत, वर्णमाला शिकवतानाच.